माझ्या बाजूची पट्टी

२६ ऑगस्ट
प्रोजेक्टचा विषय मिळाला एकदाचा. गोबरगॅसमधून हायड्रोजन सल्फाइड काढायचा. बाकीच्यांना बॅटऱ्या, हायड्रोजन, काय काय, आणि आमच्या वाट्याला शेण. पार्टनर केतकी. म्हणजे रूमवर पण तीच, लॅबमध्ये पण तीच. दिवसभर तेच तोंड, असं तिला म्हटलं तर म्हणाली, तुझं तरी कुठे मोठं पाहण्यासारखं आहे.

काम सोपं आहे. गॅस गंजलेल्या लोखंडी किसातून सोडायचा, कीस सल्फाइड धरून ठेवतो. बाहेर येणाऱ्या गॅससमोर लेड अ‍ॅसिटेटची ओली पट्टी धरायची. पांढरी राहिली तर जिंकलो. काळी पडली तर सल्फाइड अजून आहे. शाळेतल्या पोरांना जमेल. फायनल इयर म्हणे!

२ सप्टेंबर
कळंबोलीला लोखंड बाजारात जाऊन आलो. लेथचा कीस मागितला तर दुकानदार विचारतो, किती टन? आम्ही भाजीची पिशवी पुढे केली. इतका हसला की फुकटच दिला. ट्रकांच्या मधून वाट काढताना के. ची चप्पल तुटली, मग अर्धा रस्ता माझी एक नि तिची एक. लोक बघत होते. बघेनात का. खूप दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले.

९ सप्टेंबर
किसाने भरलेला कॉलम चालू. सुकापूरच्या पलीकडच्या तबेल्यातून गॅस भरून आणला. पट्टी पांढरी. सर खूश, म्हणजे ओरडले नाहीत. जाताना फक्त एवढं बोलले, "सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर ठीक. वास जास्त झाला की नाक आधी मरतं. त्यामुळे वास थांबला की पळायचं." मग मस्टरवर सही करून गेले चहाला.

रूमवर आल्यावर के. म्हणाली, अंड्याचा वास येतोय. मला नाही आला. लॅबचे कपडे असतील म्हणून धुऊन टाकले.

१३ सप्टेंबर
के. चं तेच चालू. वास, वास, वास. चादरी धुतल्या, मोरीत पाणी ओतलं, फिनेल ओतलं, सॅक उन्हात टाकली. शेवटी घरतकाकूंना वर बोलावलं. घरमालकीण त्याच, खाली राहतात. त्यांनी कोपरान् कोपरा हुंगला. म्हणे, "आमाला तं कायच नाय येत गो. नवीन बिल्डिंग हाय, गटारपन बंदिस्त." मी के. कडे बघितलं, झालं का समाधान? ती रडवेली झाली. मला भास होत नाहीये शुभे, म्हणाली.

मग मीही चिडले. उद्या लॅबमधून पट्ट्याच आणते. होऊन जाऊ दे.

१५ सप्टेंबर
एक पट्टी तिच्या खाटेच्या डोक्याशी लावली, एक माझ्या, आणि एक डबीत बंद, तुलनेला. सकाळी उठून पाहिलं. डबीतली पांढरी. तिची पांढरी. माझी तपकिरी, चहा सांडल्यासारखी.

मीच म्हणाले, माझी बाजू मोरीकडे आहे, तिकडूनच येत असणार. तीही लगेच म्हणाली, हो हो, तसंच असणार.

१७ सप्टेंबर
खाटा बदलल्या. मी खिडकीकडे, ती मोरीकडे.
पट्टी माझीच काळी.
के. ने चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

२१ सप्टेंबर
लॅबला हात लावणं बंद केलंय. रीडिंग ती घेते, मी लायब्ररीत बसून रिपोर्ट लिहिते. दोन वेळा आंघोळ. आज लेक्चरला पट्टी मुठीत धरून बसले, मास ट्रान्सफर संपेपर्यंत ती काळी. सरांना दाखवली. म्हणाले बॅच खराब असेल, आणि नवी बाटली काढून दिली. नव्या बाटलीतल्या पण तशाच.

नवीन पनवेलच्या डॉक्टरांकडे गेले. दात बघितले, पोट दाबलं, रक्त तपासायला लावलं. सगळं नॉर्मल. अभ्यासाचं टेन्शन, म्हणाले, आणि बोलता बोलता उठून खिडकी उघडली. एसी चालू होता.

वास येतो का, विचारायचं धाडस नाही झालं.

२५ सप्टेंबर
के. एकटीने गॅसचा फुगा उचलू शकत नाही म्हणून तबेल्यात गेले. दोन आठवड्यांपूर्वी ज्या म्हशींच्या कपाळावर हात फिरवला त्याच आज मला बघून मागे सरल्या. दावी ताणून, भिंतीला चिकटून, सगळ्याच्या सगळ्या. मालक म्हणाला, पोरी, तू काय केलंस यांना? के. पुढे गेली तर तिचा हात चाटला.

परत येताना रिक्षात के. ने तोंड बाहेर काढलं होतं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

२९ सप्टेंबर
के. गेली. कळंबोलीला वर्गातल्या एकीकडे राहते म्हणाली, इथे अभ्यास होत नाही. गादी तशीच ठेवलीय, फक्त उशी नेली. मी बॅग उचलून खाली रिक्षापर्यंत सोडलं. तिला सोडून वर आले आणि दार लावून मनसोक्त रडले. चार वर्षांत हिच्याशिवाय एक सबमिशन केलं नाही मी. राग यायला हवा, येत नाही. मी तिच्या जागी असते तर पहिल्या दिवशीच गेले असते.

४ ऑक्टोबर
भाडं द्यायला काकूंकडे गेले. देवापाशी दिवा चालू होता. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि ज्योत निळी झाली. खालपासून वरपर्यंत निळी, गॅसच्या शेगडीसारखी. काकूंनी ती पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. "उद्यापासून पैसे फोनवरच पाठव गो," म्हणाल्या. आवाज चांगला होता. पण हात जोडलेले होते, आणि ते देवाकडे होते की माझ्याकडे, कळलं नाही.

सल्फाइड निळं जळतं. फर्स्ट इयरलाच शिकवतात.

८ ऑक्टोबर
के. परत आली!! दार वाजलं, उघडलं तर बॅगेसकट उभी. म्हणाली, करमत नाही तिकडे, ती पोरगी घोरते. आत आली, मोठा श्वास घेतला नि म्हणाली, "गेला गं वास. अजिबात येत नाहीये." आणि मिठीच मारली. कितीतरी दिवसांनी कुणी एवढ्या जवळ आलं. पावभाजी मागवली, तिची खाट माझ्या खाटेला लावली. आज एवढंच लिहिते. आज फार बरं वाटतंय.

९ ऑक्टोबर
खाट सरकवताना मागे लावलेली जुनी पट्टी दिसली. काढून नवी लावली. अर्ध्या तासात डांबरासारखी काळी. इतकी काळी कधीच झाली नव्हती.

वास गेलेला नाही. के. चं नाक गेलंय.

तिला पट्टी दाखवली. ती म्हणाली, फेक ती पट्टी, मी तुझ्या पट्ट्यांना कंटाळलेय, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मी तिला उठवायला हवं होतं. नाही उठवलं. किती बरं वाटत होतं, काय सांगू.

११ ऑक्टोबर
के. चं काल दिवसभर डोकं दुखत होतं. आज दुपारी जेवायला हाक मारली, उठेना. हलवलं, तोंडावर पाणी मारलं, गालावर मारलं. डोळे उघडले पण मला ओळखायला वेळ लागला तिला. बोटातली चांदीची अंगठी काजळासारखी झालेली. काकूंच्या मुलाने गाडी काढली, आम्ही तिला दवाखान्यात नेलं. मी पुढच्या सीटवर, काच खाली करून, तोंड बाहेर.

संध्याकाळी तिचा भाऊ नाशिकहून आला. डॉक्टर म्हणतात अशक्तपणा. ऑक्सिजन लावल्यावर तासाभरात गप्पा मारायला लागली. मी बाहेरच्या बाकावर होते. आत ये म्हणून हात करत होती. नाही गेले.

१३ ऑक्टोबर
के. चा मेसेज: 'दिवाळीनंतर येतेय, माझी खाट कुणाला देऊ नकोस.'
मी लिहिलं, दिली. नवीन मुलगी आलीये, चांगली आहे.
ब्लू टिक आली.

आईला फोन केला, दिवाळीला येत नाही, सबमिशन आहे. ती बार्शीहून एवढंच म्हणाली, बरं. ते 'बरं' ऐकून मला राहवेना आणि सगळं सांगून बसले. पट्टी, म्हशी, दिवा, के. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अंगाला वास येतोय म्हणून लेकीनं घरी यायचं न्हाई व्हय? घाणीत लोळून आलीस तरी जवळच घेणार की गं मी." मी ओरडले तिच्यावर. वासाचं नाहीये आई, वासाचं नाहीये. तिला कसं समजावू? फोन ठेवला तिने.

१६ ऑक्टोबर
आई आलीये. न सांगता. खाली काकूंशी बोलण्याचा आवाज आला तेव्हा कळलं. काकू तिला वर जाऊ देत नव्हत्या बहुतेक, दोघींचे आवाज चढले. मग जिन्यावर तिची पावलं. गुडघे दुखतात तिचे, दर मजल्याला थांबते.

खिडक्या सगळ्या उघड्या आहेत, पंखा पाचवर. दाराला आतून कडी.

दार वाजवलं. "शुभे, उघड. लाडू हायत, डबा जड झालाय." मी दाराला हात लावून उभी. आतूनच विचारलं, आई, खरं सांग, शपथ आहे माझी, वास येतोय का? अंडं सडल्यासारखा? मनात म्हणत होते, येतोय म्हण. येतोय म्हणालीस की उघडते, लांबून का होईना बघते तुला, मग परत पाठवते.

श्वास घेतल्याचा आवाज आला, नाकाने, दोनदा.

"न्हाई गं बाई," म्हणाली. "कसलाच न्हाई येत."

माझ्यासाठी म्हणाली की खरंच, ते मला दाराच्या या बाजूने कळत नाहीये. आता ती खाली बसलीये, दाराला टेकून. डब्याचं झाकण वाजलं. दमलेय म्हणते, जरा डोळा लागतोय म्हणते. मी हाका मारतेय.