जावयाने फोडलेलं इंजिन

१२ जून, गुरुवार

फुटलं. गावच्या ट्रकचं इंजिन फुटलं, आणि फोडलं कोणी, तर आमच्या जावयाने.

काल दुपारी कोणी न सांगता एर्विनने रेडिएटर धुतला. "दादा, आत नुसता गंज साठला होता. आता बघा, कसा आरसा झालाय." थंडीत न गोठणारं हिरवं कूलंट ओतून दिलं आणि साधं पाणी भरलं. नवीन कूलंट उद्या घालू म्हणाला. उद्या! या पठारावर, जूनच्या ऐन हिवाळ्यात! मी माळावर बटाटे पसरायला गेलो होतो. मला हे सगळं आज कळलं.

रात्री चांगलाच गारठा पडला. पसरलेले बटाटे सकाळी दगडासारखे टणक. सगळं गाव खूश — यंदाचा चुन्यो, गोठवून-तुडवून वाळवलेला बटाटा, उत्तम सुकणार, दोन-तीन वर्षं टिकणार. आणि इकडे इंजिनातलं पाणी गोठलं, फुगलं, लोखंड तडकलं. उन्हं वर आल्यावर बर्फ वितळला आणि ब्लॉकच्या बगलेतून पाणी पाझरायला लागलं. वीतभर लांब भेग, केसाएवढी बारीक.

एर्विन वाकून बघत राहिला. "पाण्याने लोखंड फुटतं?"

उभा जन्म मेकॅनिक म्हणून काढला! सांता क्रूसच्या उकाड्यात याने बर्फ बघितला तो फक्त दारूच्या पेल्यात.

१३ जून, शुक्रवार

ट्रक गावाचा. दरवर्षी एका घराकडे त्याची राखण असते. यंदा माझ्याकडे. म्हणून लोक माझ्या दारात येऊन उसासे टाकतात.

कासिमिरा, माझी धाकटी बहीण, पोरवयात सांता क्रूसला घरकामाला गेली ती यंदा कार्निव्हलनंतर परत आली. सोबत हा नवरा. काळा चष्मा, रंगीत शर्ट, तोंड सतत चालू. रस्त्याकडेची पडकी खोली गावाने द्यावी, तिथे गॅरेज काढीन, असं त्याचं म्हणणं. गावाने अजून हो म्हटलेलं नाही, म्हणून कासिमिराने गाठोडी सोडलेली नाहीत. माझ्या बायकोच्या पातेल्यात रांधते.

आमच्याकडे जावई सासरी आला की राबतो. लाकडं फोडतो, सणाला सगळ्यांना वाढतो, शेवटी जेवतो. हा ताटाची वाट बघत बसतो. वर विचारतो, "रोज बटाटाच का हो, दादा?"

१५ जून, रविवार

सभा. चॅपेलमधली प्रार्थना मीच घेतली, पाद्रीबाबा ऑगस्टशिवाय येत नाहीत. लोकांचं लक्ष नव्हतं. सगळे भेगेचा विषय निघायची वाट बघत होते.

मग जे सुरू झालं! एक म्हणाला रेडिएटरमध्ये अंड्याचा बलक सोडून पांढरं तेवढं घाला, आतून शिजून चिकटतं. दुसरा म्हणाला मिरपूड. जव दळून घाला, हे तिसऱ्याचं. ज्यांनी आयुष्यात बॉनेट उचललं नाही ते इंजिनाला जेवायला काय घालायचं ते ठरवत होते. हात वर करून मतं घ्यायचीच बाकी राहिली होती. ती पण घेतली. मिरपूड जिंकली.

एर्विन उठला. "बंधूंनो, सूप करायचं नाहीये."

लोक हसले. मी नाही. स्वतः फोडून वर विनोद.

शेवटी तिबुर्सिओने — तो यंदा गावप्रमुख — निकाल दिला. फोडलं त्याने जोडावं. ट्रक माल भरून हाटाला जाऊन येईल, आणि एकोणतीस तारखेच्या सभेपर्यंत उभा राहील. कोरडा राहिला तर रस्त्याकडची खोली एर्विनची. गळला तर नवराबायकोने सांता क्रूसची बस धरायची.

"आणि गळला की नाही ते मेल्चोर सांगेल," तिबुर्सिओ म्हणाला. "तो बहिणीलाही सोडायचा नाही."

मला ते आवडलं. खोटं कशाला लिहू.

१६ जून, सोमवार

एर्विनने कसलासा लेप आणून भेगेवर थापला. ला पासमध्ये मिळतो म्हणे, सुकला की पोलाद होतो. काम सुरू करताना धरणीमाईला थेंबभर दारू शिंपडतात, ते राहिलंच. पहिला घोट स्वतः घेतला. मग माझ्याकडे बघून आठवण झाली आणि घाईघाईने स्वतःच्याच बुटावर सांडली.

लेप लावण्याआधी जागा नीट पुसली नव्हती. मला तेल दिसत होतं. मी सांगितलं नाही. मेकॅनिक तो आहे.

१७ जून, मंगळवार

इंजिन तापलं, लेप वाळक्या चिखलासारखा सुटून पडला. संध्याकाळची माझी जपमाळ फार छान झाली.

१९ जून, गुरुवार

आज त्याने चष्मा काढून काम केलं. पहिल्यांदाच डोळे दिसले. बारीक आहेत.

भेगेवर रॉकेल चोळलं, पुसलं, वर शाळेतला खडू कुटून भुरभुरला. थोड्या वेळाने पांढऱ्यावर काळी रेघ उमटली. आम्ही समजत होतो त्यापेक्षा भेग दोन बोटं लांब निघाली. "हिचं शेपूट लपलं होतं," म्हणाला. दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे भेग पुढे पळत नाही. मग आटे पाडून लोखंडी स्क्रू घट्ट बसवला, डोकं कापलं. पुढचं भोक पहिल्या स्क्रूला थोडं खाईल असं. त्यात दुसरा स्क्रू. असं एकात एक अडकवत जायचं, गोधडीच्या टाक्यांसारखं.

कामाची रीत बरी आहे. कोणाकडून तरी शिकला असणार. दिवसभर सांता क्रूसची गाणी म्हणत होता, सगळी बायकांवर.

२१ जून, शनिवार

अजून स्क्रूच. एक आत मोडला. दुपारभर तो कोरून काढत बसला. "काय जावईबापू, गोधडी कधी होणार? थंडी संपल्यावर?" येणारा जाणारा विचारतो. तो सगळ्यांना उत्तर देतो. मान खाली घालून गप्प बसणं या माणसाला कोणी शिकवलंच नाही.

२३ जून, सोमवार

टाके संपले. हातोडीने ठोकून सपाट केले, कानशीने घासले. कूलंट भरलं, हिरवंगार. या खेपेला त्याने सगळ्या गावाला बोलावून दाखवलं, जणू लेकराचं बारसं आहे. इंजिन तापवलं. गळलं नाही.

गार होऊ दे. मग बघू.

२४ जून, मंगळवार, संत जुआनचा सण

काल रात्री वर्षातला सगळ्यात कडक गारठा. लोक शेकोटीशी उभं राहून अजून थंडी पडू दे म्हणत होते, बटाट्यांसाठी. एर्विन एकटा ट्रकवर घोंगड्या टाकत होता. स्वतःची पण टाकली. बायका हसून लोळायच्या बाकी होत्या. "अहो, तिला मूल होणार आहे का?"

मूर्ख. कूलंट घातल्यावर घोंगडी कशाला?

सकाळी गाडीखाली शिरलो. काही नाही.

२६ जून, गुरुवार

हाट. ट्रक काठोकाठ भरला — पोती, मेंढ्या, माणसं. चढावर मी हळूच काच खाली करून वास घेत होतो. गरम कूलंटचा गोडसर वास लपत नाही. वास आला नाही. घाटमाथ्यावर थांबून बघितलं. कोरडं.

मला वाईट वाटलं. हेही लिहून ठेवतो. देवाला मी बहिणीचं भलं मागतो आणि गाडीखाली थेंब शोधतो.

एर्विन मागे मेंढ्यांमध्ये बसला होता. उतरल्यावर म्हणाला, "दादा, पोरंबाळं बसतात यात. काही दिसलं तर लगेच सांगा हं." मला शहाणपण शिकवतो!

२७ जून, शुक्रवार

सकाळी माळावर बटाटे तुडवले. एर्विनही आला, अनवाणी. बर्फाळ बटाट्यांवर दोन पावलं टाकली आणि आडवा झाला. उठला, नाचल्यासारखं केलं, परत पडला. नंतर पायाचे तळवे काखेत धरायला बघत बसला. माणूस आहे की काय.

तो गेल्यावर मी आणि कासिमिराच उरलो.

"गाडी कोरडी आहे ना, दादा?"

"रविवारी सांगेन."

"मला आधी सांग."

"सगळ्यांना एकदमच."

ती हसली. "तू असाच. लहानपणी आईला माझी चुगली सांगायचास, ती पण आधी क्रूसाची खूण करून."

मी तुडवत राहिलो.

"तो गाढव आहे हे मला ठाऊक नाही का?" ती म्हणाली. "तू म्हणतोस त्याच्या आधीपासून मी म्हणतेय. पण इथे आल्यापासून मला झोप लागते, दादा. तिकडे लागत नव्हती."

बटाट्यांतलं पाणी बोटांमधून निघत होतं. तिचे पाय आईसारखे पडतात. आधी टाच, मग गोल फिरवून चवडा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या फरशा पुसूनही.

२८ जून, शनिवार

तिबुर्सिओ दारावरून गेला. "काय मेल्चोर, जावयाला बसचं तिकीट काढायला सांगू का?" चेहरा असा, जणू माझ्या मनातलंच बोलला. मी म्हणालो, उद्या.

२९ जून, रविवार

सभेआधी गाडीखाली शिरलो. शेवटच्या टाक्याशी एक हिरवा थेंब. टोपीने पुसला. तिबुर्सिओने सगळ्यांसमोर विचारलं. म्हणालो, कोरडी आहे.