एकोणचाळीस नंबरचं कोकरू

५ मे
व्हर्नाशी बोलणी पूर्ण. कोकरांच्या शेपट्या छाटायच्या दिवसापर्यंत कोयोटांचा, म्हणजे कोकरं पळवणाऱ्या इथल्या रानकोल्ह्यांचा, बंदोबस्त केला तर दक्षिणेचं कुरण आणि हा ट्रेलर माझा. नाही केला तर मी कॅस्पर शहरात, चुलतभावाच्या टायरच्या दुकानात. दुसऱ्या शक्यतेचा विचार केला नाही.

वडिलांनी सगळं रँच थोरलीच्या, व्हर्नाच्या नावे केलं. म्हाताऱ्याची दृष्टी शेवटी अधू झाली होती.

कोयोटांना बोलावायचं मशीन आलं. स्पीकर, रिमोट, शंभर आवाज. शेजारचा ऑरिन टटल अजून तोंडाने शिट्टी फुंकून कोयोट बोलावतो आणि मारतो. बरेच मारतो म्हणे. संख्या म्हणजे गुणवत्ता नव्हे.

७ मे, पहाटे
आवाज क्र. ४, जखमी ससा. करुणरसाचा उत्तम परिपाक, माझेच डोळे भरून आले. कोयोट नाही. एक घुबड आलं आणि टोपी घेऊन गेलं.

टोपी कुठाय, व्हर्नाने विचारलं. वाऱ्याने नेली म्हणालो. वायोमिंगमध्ये हे कारण कधीच अपुरं पडत नाही. आज नेमका वारा नव्हता.

१० मे
आवाज क्र. २२, कोयोटाच्या पिल्लाचं रडणं. सिद्धान्त: आईचं काळीज, ती येणारच. आला डीकन, आमचा राखणीचा पांढरा कुत्रा, कळप सोडून. स्पीकर तोंडात धरून बसला. मला गाडीच्या टपावर बसावं लागलं.

तेवढ्यात तिकडे दोन कोकरं गेली. हा सरळसरळ कर्तव्यच्युतीचा प्रकार. व्हर्नाला तसं स्पष्ट सांगितलं. ती डीकनचे कान खाजवत होती. म्हणाली, "घरात एकाला तरी पिल्लाचं रडणं कळतं."

उद्यापासून डीकनला माझ्या वेळेत बांधून ठेवणे.

१४ मे
रात्रभर चिंतन. मूळ चूक सापडली. ससे कशाला? ज्याला जे आवडतं तेच त्याला वाढावं. आवाज क्र. ३९, नवजात कोकरू, व्याकूळ. इतकं सोपं कुणालाच कसं सुचलं नाही?

सायंकाळी: प्रतिसाद अभूतपूर्व. बटण दाबताच अर्धा कळप धावत आला. सगळ्या लेकुरवाळ्या, आचळं हलवत, माझ्याभोवती कोंडाळं करून उभ्या. कोयोट दिसला नाही, पण मेंढ्यांपलीकडचं काही दिसतच नव्हतं.

आज तीन कोकरं गेली. याचा अर्थ कोयोट जवळपास आहेत. म्हणजे आवाज पोहोचतोय.

१७ मे
आवाज वाढवला. सकाळी आणि संध्याकाळी. पाच गेली. म्हणजे ते आणखी जवळ आलेत.

ऑरिन कॉफीला आला होता. मेंढ्या वीत असताना कोकराचा आवाज काढू नये म्हणाला, त्या आवाजाला आई असते. मत्सर. मग विचारलं, तोंड कुठल्या दिशेला करून बसतोस? स्पीकरकडे, मी म्हणालो, आणखी कुठे? त्याने व्हर्नाकडे पाहिलं. दोघंही कॉफी ढवळत बसली. साखर दोघंही घेत नाहीत.

२० मे
एक नवीन कटकट. एक पहिलटकरीण मेंढी स्पीकरपासून हलतच नाही. तिचं कोकरू परवा गेलं. ती स्पीकर चाटते. बटण बंद केलं की ओरडते, चालू केलं की पान्हा सोडते. दुधामुळे जाळी चिकट झाली. पायाने ढकलून पाहिली, परत आली. दगड मारला, परत आली.

अशा वातावरणात कोण कोयोट येईल?

२२ मे, सकाळ
व्हर्ना दुर्बीण घेऊन टेकाडावर बसली होती, मला पत्ता नाही. उतरून माझ्या शेजारी येऊन बसली. आवाज चढवला नाही. तिने चढवला असता तर बरं झालं असतं.

"लाइल, तू मागे वळून कधी बघितलंस का?"

कशाला, मी म्हणालो.

"तू बटण दाबतोस, आया इकडे पळतात, पिल्लं तिकडे उघड्यावर पडतात. टेकाडामागे चौघं बसलेले असतात. आज तू गाडीतून उतरलास ना, तेव्हाच त्यांनी उठून आळस दिला."

म्हणजे आवाज लागू पडलाय, मी म्हणालो.

स्पीकरला चिकटलेल्या त्या पहिलटकरणीच्या तोंडावरून ती हात फिरवू लागली. मग म्हणाली, "पडलाय ना. आईची जेवणाची घंटासुद्धा इतकी वेळेवर वाजत नव्हती."

रिमोट मागितला. निषेध नोंदवून दिला.

२३ मे
ऑरिन टेकाडावर दबा धरून पडला. डीकनला मोकळा सोडून पिल्लांपाशी बसवला. आणि ३९ नंबर दाबायला मलाच सांगितलं, का तर कोयोटांना माझ्या गाडीची सवय झालीय. चौघं आले. ऑरिनने चौघांना लोळवलं.

बटण मी दाबलं. करारात गोळी कोणी झाडायची याचा उल्लेख नव्हता. व्हर्नाच्या नजरेस हे आणून दिलं. तिने माझी बॅग नजरेस आणून दिली. भरलेली होती.

१५ जून, कॅस्पर
टायर.

काल शेपट्या छाटल्या. कळप गोळा करायला दरवर्षी घोडेस्वार लागतात. या वर्षी व्हर्ना मेंढवाड्यात स्पीकर ठेवून खुर्चीत बसली, ३९ दाबलं, मेंढ्या आपणहून आत. सगळ्यांत पुढे ती पहिलटकरीण. ऑरिन म्हणाला म्हणे, उभ्या आयुष्यात असं यंत्र पाहिलं नाही.

हे सगळं मला फोनवर कळलं. फोन व्हर्नाने केला होता. मी जाणूनच होतो, एक ना एक दिवस करेल. मशीनचा चार्जर माझ्या बॅगेत राहिलाय का, विचारत होती.

राहिलाय, म्हटलं. मीच घेऊन येतो, दोन दिवस राहीन, ट्रेलरही झाडून घेईन.

पलीकडे ती मेंढी ओरडताना ऐकू येत होती.

व्हर्ना म्हणाली, "पोस्टाने पाठव."