अंजूरचा पूर्व वारा

४ एप्रिल २०२४, गुरुवार
आजपासून नोंदी. हवामान मोजून, वीज न खाणारं घर बांधणारा अख्ख्या अंजूरमध्ये मी पहिला. बाकीचे शेजाऱ्याचं घर बघतात आणि एक मजला जास्त चढवतात.
जागेचे दोन भाग झाले. एकावर मी, दुसऱ्यावर केसरीनाथदादा. आईने जाहीर केलंय, ज्याच्या घरात एसीशिवाय दुपारची झोप लागेल, त्याच्याकडे ती राहणार. एसीने तिचे गुडघे धरतात. म्हणजे निकाल लागल्यात जमा. मी क्लायमेट डिझाइनचा ऑनलाइन कोर्स केलाय, साडेचार तासांचा. दादा दहावी.
वारा मोजायचं यंत्र पूर्वेच्या कंपाउंडवर बांधलं. पलीकडे कापड विणणाऱ्या लूमची शेड, खडखड फार. विज्ञानाला आवाजाचं काय! वारा ताबडतोब मिळाला. पूर्वेचा, सलग. विनिता म्हणाली, पश्चिमेलाही लावून बघा. तिकडे सावली नाही, मला ऊन लागतं. बायकोला हे समजत नाही.

५ एप्रिल, शुक्रवार
वारा शून्य. यंत्रावर फुंकर मारली. फिरतं.

१२ एप्रिल, शुक्रवार
पुन्हा शून्य. बाकी सहा दिवस एकसारखा. शोध लागला: अंजूरचा पूर्व वारा आठवड्यातून एक दिवस पडतो. कुठल्याच पुस्तकात नाही. माझं नाव द्यायला हरकत नाही.

१६ एप्रिल
लाईट गेली तेव्हाही वारा पडला. योगायोग.
वाऱ्याबरोबर पांढरे तंतू येतात. जवळ सावरीचं झाड असणार. शोधलं, सापडलं नाही. तोडलं असेल कुणीतरी. या गावाला झाडांची कदर नाही.

२० एप्रिल
प्लॅन पक्का. पूर्वेला पाच मोठ्या खिडक्या. पश्चिमेला अखंड भिंत, कारण पश्चिमेचं ऊन शत्रू. कोंडू मिस्त्री म्हणाला, मनोजशेठ, वारा तं खाडीवरून येतं, तिकडं खिडकी न्हाय? त्याला ग्राफ दाखवला. त्याने उलटा धरला. अशांशी काय बोलायचं!
दादाचा अभ्यास ऐका. आईला खुर्ची घेऊन प्लॉटवर बसवलं. तीन दुपारी तिला जिथे पेंग आली, तिथे तिची खोली. पश्चिमेला खिडकी, पुढे खोल पडवी. हसून पोट दुखलं.

९ जानेवारी २०२५
विनिता विचारते, एसीचा पॉइंट तरी काढून ठेवू या का? सक्त नाही म्हणालो. एसी हा अडाण्यांचा उपाय.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया
गृहप्रवेश. वारा भरपूर. थोडा गरम. थोडा तेलकट. आमरसावर पांढरे तंतू बसले. आईने विचारलं, आरं, तुझ्या घरात कोन पिंजारी बसवलाय? पाहुणे हसले. पाहुण्यांची लायकी ती.
आईची गोधडी मात्र माझ्याकडे आली. दादाचा चेहरा बघण्यासारखा होता.

२ मे, शुक्रवार
वारा शून्य. आईच्या खोलीत एकोणचाळीस अंश. तिने या कुशीवरून त्या कुशीवर केलं, मग उठून खिडकीशी गेली. समोर शेडच्या भिंतीत सहा मोठे पंखे, हवा बाहेर फेकणारे. सगळे बंद. लूमला शुक्रवारी सुट्टी. मीही बघितले. पहिल्यांदाच नीट बघितले.
आई म्हणाली, आरं मनोज, वर्षभर कारखान्याचं पंखं मोजलंस कं तू? मी म्हणालो, तोही स्थानिक हवामानाचा घटकच असतो. तिने गोधडी उचलली आणि दादाकडे गेली.
वाईट वाटलं. हे लिहायचं नव्हतं, पण वाटलं.

४ मे, रविवार, दुपारी २
तुलनात्मक अभ्यासासाठी दादाच्या पडवीत. आई आत घोरते आहे. वारा पश्चिमेचा, खाडीचा, जरा खारट. बांधकाम सामान्य. तापमान घेतो.

सायं. ४.१५
तापमान घ्यायचं राहिलं. डोळा लागला होता. डोक्याखाली कुणीतरी उशी सरकवली होती, आईच्या तेलाचा वास येणारी.
कोंडूला फोन केला. पश्चिमेची भिंत फोडायची आहे, खिडकीपुरती. म्हणालो, संशोधनाचा दुसरा टप्पा. त्याने विचार केला. म्हणाला, शुक्रवारी येतो, शेठ. तवा तुमचा वारा सुट्टीवर असतं, धूळ उडायची न्हाय.
फोन स्पीकरवर होता. माझ्या वतीने शेजारी बसलेला दादाच हो म्हणाला.