सहाव्या क्रमांकाची कॅप्सूल

१८ नोव्हेंबर २००२

पुन्हा तेच! कांद्याच्या सालीतलं औषधी द्रव्य, क्वेर्सेटिन, पोटात जातं आणि रक्तात पोचतच नाही. आज पाच जणांचं रक्त काढलं, पाचही आकडे भिकार. दोन वर्षं पालथ्या घड्यावर पाणी. फार्मसी कॉलेजातले बाकीचे मास्तर शिकवण्या घेतात, मी साली उकळतो. आणि परिषदेत निबंध वाचायचा तर निदान सहा माणसं हवीत. सहावा कुठून आणू?

२० नोव्हेंबर

बायकोलाच, मालिनीला, म्हटलं, तूच हो सहावी. "मी कशाला? माझं रक्त नको हो." म्हटलं, घरच्या घरी तुला काय होणार आहे! गप्प बसली. म्हणजे हो.

२ डिसेंबर

आजपासून कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क. सदू बागायतदाराने सुपारीवर चढवलेल्या वेलांची मिरी आणून दिली. शरीर औषध बाहेर फेकायला बघतं, मिरी त्याला फेकू देत नाही — असं आपलं मी वर्गात सांगतो. रोज सकाळी एक. बघू.

९ डिसेंबर

चढले! सहाच्या सहा आकडे चढले. प्रयोगशाळेतला शिपाई भागोजी आमचा दुसरा क्रमांक. तो म्हणतो, "सर, मना तर निस्ती भूक लागते." मला मात्र अन्न गोड लागत नाही. अजून दहा दिवस सगळं नीट पार पडलं पाहिजे.

१४ डिसेंबर

मालिनी लटपटते आहे. आमटीचं पातेलं हातातून सुटलं. एकाचे दोन दिसतात म्हणते. म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल.

नेमकं आत्ताच हिला काही व्हायचं होतं! पाच दिवस राहिलेत. (हे लिहिताना लाज वाटली.)

१६ डिसेंबर

भागोजी घरी फाइल द्यायला आला होता. जाताना म्हणाला, "सर, वैनींचा पाय ठरत नाय. त्यांची कॅप्सूल बंद करा." मी त्याच्यावर खेकसलो. बाकीचे पाच ठणठणीत आहेत, मग कॅप्सूलचा काय संबंध? दिवसभर तेच डोक्यात. सकाळची कॅप्सूल मीच तिच्या हातावर ठेवली होती.

१७ डिसेंबर

मागच्या दारी पडली. कपाळाला खोक. माझा डॉक्टर मित्र उन्मेष, त्याच्याकडे नेलं. त्याने तिचे डोळे तपासले आणि मला नाही, तिला विचारलं, "वहिनी, कसल्या गोळ्या चालू आहेत का?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "फिटच्या. चौदाव्या वर्षापासून."

मिरीला आपलं-परकं थोडंच कळतं? मिरीने त्या गोळ्याही बाहेर जाऊ दिल्या नाहीत. पंधरा दिवस त्या हिच्या अंगात साचत होत्या. कॅप्सूल बंद. उन्मेषने तिला ठेवून घेतलं आहे.

२० डिसेंबर

ती घरी आली, बरी आहे. नीट चालते. मी बरा नाही.

लग्नाला अकरा वर्षं! तिचा दादा दर महिन्याला चिपळूणहून पापडांच्या डब्यात गोळ्या धाडायचा आणि मी मिटक्या मारत पापड खायचो. त्याला फोन केला. म्हणतो, "तेव्हा सांगितलं असतं, तर केलं असतंत का लग्न?" मी फोन आपटला. तिच्या हिरड्या सुजायच्या. त्या गोळ्यांनी हिरड्या सुजतात हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो, आणि घरी हिला मिठाच्या गुळण्या सांगत होतो.

फसवलंस मला, म्हणालो. निदान माझ्या प्रयोगात उतरताना तरी तोंड उघडायचंस. ती उठली आणि बॅग भरायला लागली.

२१ डिसेंबर

हायवेवर हातखंब्याला नेऊन तिला चिपळूणच्या गाडीत बसवलं. घरात चैन पडेना म्हणून परत कॉलेजात गेलो. तिथेही पडेना.

२४ डिसेंबर

परिषदेला नकार कळवायचा म्हणून फाइल काढली. आत प्रयोगाआधीचे सहा जणांचे फॉर्म. पाच आपापल्या हाताने भरलेले. भागोजीने तर खोकल्याचा काढासुद्धा लिहिला आहे.

सहावा फॉर्म. सध्या कोणती औषधं चालू? — नाहीत.

अक्षर माझं. खाली मालिनीची सही, तीही मीच ठोकलेली. तिला तो कागद दाखवलासुद्धा नव्हता.