पेंढ्याचे गुरुवार

शनिवार, ९ सप्टेंबर

डॉटी माजावर आली! सकाळी पिंजरा साफ करायला तिला उचललं तर शेपटीखाली हे एवढं सुजलेलं, गुलाबी, फुगलेल्या वाटाण्यासारखं. आणि वास! शेडचं दार उघडलं तोच नाकात गेला. ह्यू असता तर म्हणाला असता, "आल्या बाईसाहेब रंगात." दर वर्षी हेच म्हणायचा आणि दर वर्षी मी त्याला टॉवेलनं हाणायची. नवरा जाऊन आता तिसरं वर्ष. तो होता तेव्हा शेडमध्ये फेरेटांची रांग असायची, मुंगसासारखी लांबुडकी, ससे पकडायला बिळात सोडायची. आता ही एकटी. नवीन कायदा आला ना — पाळलेली आहेत ती मरेपर्यंत ठेवा, पण पिल्लं होऊ द्यायची नाहीत, द्यायची नाहीत, विकायची नाहीत. म्हणजे डॉटी शेवटचीच. मीही तशी शेवटचीच, या रस्त्यावर.

क्लॅरी मकफेलला फोन करायला हवा. त्याच्याकडे नसबंदी केलेला नर आहे, सार्जंट. तो दिवसभर सोडला की माज उतरतो आणि पिल्लांची भानगड नाही. फेरेटच्या मादीचा माज आपला आपण उतरत नाही, हे शहरातल्या माणसांना खरंच वाटत नाही! नर मिळाला नाही की चालूच राहतो, चालूच राहतो, आतून रक्त आटत जातं आणि बया मरते.

उद्या करीन फोन. आज गारा पडतायत, हिवाळा सरला तरी दक्षिण ध्रुवाकडचा वारा नुसता कापतोय.

सोमवार, ११ सप्टेंबर

ब्रायनीचा फोन आला! माझी नात, मरेची मुलगी. मरे ऑस्ट्रेलियात, नाताळला फोन करतो, हवा कशी आहे विचारतो, ठेवतो. पोर इथेच खाली समुद्रावर कामाला आलीय, पेंग्विनवाल्यांकडे. हिवाळाभर होती, एकदा आली, तीही गाडीतून न उतरता. लहानपणी ह्यूनं सोललेला ससा बघितला होता तिनं. तेव्हापासून या घराची तिला शिसारी.

तर फोनवर काय म्हणते — "आजी, तुझी ती फेरेट अजून आहे का? माजावर आलीय का गं?"

मी हसतच सुटले. कुणाची नात आजीला असं विचारते? पण तिला हवं होतं डॉटीच्या खालचं गवत. पेंढा! जंगली फेरेट पेंग्विनची पिल्लं मारतात, सापळ्याकडे फिरकत नाहीत. माजावरच्या मादीचा वास आला तर नर येतील, असं त्यांच्या कुणाच्यातरी डोक्यात आलंय. डोकं चांगलं आहे. ह्यूनं केलं होतं असं एकदा.

"पंधरा दिवस क्लॅरीला बोलवू नकोस, चालेल? तिला त्रास नाही ना?"

पंधरा दिवसांनी काही होत नाही. हे खरंच आहे. मी सांगितलं, गुरुवारी ये, चीज रोल करते.

गुरुवार, १४ सप्टेंबर

आली. गाडीतून उतरली! चिखलाचे बूट दारात काढले, मोज्याला भोक — अंगठा बाहेर. हाडं दिसतात पोरीची. चीज रोलचा पहिला घाणा उभ्यानंच संपवला, दुसरा बसून. मी आपली बघत राहिले. लोणी जास्त लावलं होतं मुद्दाम.

पेंढा गोणीत भरला तर नाक धरून म्हणाली, "बाप रे, आजी, हे तर सोनं आहे!" सोनं! माझ्या शेडमधली घाण. मला काय आनंद झाला, लिहिता येत नाही. लिहिणं माझं आधीच यथातथा, आई अंथरुणाला खिळली आणि माझी शाळा सुटली, मग भावंडांची ढुंगणं धुण्यात अक्षर कुठलं वळायला.

डॉटीला तिनं हात लावला नाही. पण जाताना पिंजऱ्याकडे बघून म्हणाली, "थँक यू हं, मॅडम."

गुरुवार, २१ सप्टेंबर

दोन नर सापडले! गाडीतूनच ओरडत आली. तिथल्या सगळ्यांनी माझ्या नावानं बिअर प्यायली म्हणे. आज फ्रूट केक केला होता, अर्धा बांधून दिला.

गुरुवार, २८ सप्टेंबर

पंधरवडा झाला. पोर प्रामाणिक — आल्या आल्या विचारलं, "आता क्लॅरीला बोलवशील ना? डॉटीचं बघ. आमचं होईल काहीतरी."

म्हणजे पुढच्या गुरुवारी येणार नाही. सरळ आहे. कामासाठी येते, काम संपलं.

मी म्हटलं, "अगं क्लॅरी मंगळवारीच येऊन गेला. झालं तिचं."

"मग वास गेला असेल ना?"

"छे! दोन दोन महिने राहतो वास. पन्नास वर्षं यांच्यात काढली मी, तू मला शिकवतेस?"

तोंडातून गेलं. ती हसली, गोणी उचलली. "मग गुरुवारी येते."

एखाद्या आठवड्यानं काही बिघडत नाही. पुढच्या शनिवारी क्लॅरीला सांगते.

शनिवार, ७ ऑक्टोबर

क्लॅरी आपणहूनच आला. काखेत पेटी, पेटीत सार्जंट. फाटकातूनच हाक — "काय गं, यंदा बोलावणं नाही? आम्ही दोघं म्हातारे झालो असू, पण आमच्यातल्या एकाला अजून जमतंय!"

मेला चावट. ह्यूच्या अंत्यविधीतही असलंच काहीतरी बोलला होता.

मी फाटक उघडलं नाही. म्हटलं, "गावातल्या डॉक्टरीणबाईंकडून इंजेक्शन दिलं यंदा."

"इंजेक्शन? सार्जंट फुकट असताना?" त्याचा चेहरा पडला. त्या सार्जंटला घेऊन फिरणं एवढंच उरलंय त्याला, वर्षातून एकदा चार घरी चहा मिळतो. आता चार घरंही नाहीत. मी एकटीच उरले होते त्याच्या वाटेवर. मग सकाळी भाजलेले स्कोन दिले कागदात बांधून. फाटकावरूनच. पेटीत सार्जंट वास येऊन नुसता खरवडत होता. क्लॅरीनं पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि निघून गेला.

वास आला असणार त्यालाही. नाक काय फक्त फेरेटलाच असतं?

गुरुवार, १९ ऑक्टोबर

आज ब्रायनी रडली. माझ्या टेबलाशी! तो तिचा मित्र, डंकन की कोण, ज्याच्यासाठी क्राइस्टचर्च सोडून इकडे आली, तो हिवाळ्यातच सोडून गेला. कुणाला सांगितलं नव्हतं. बापालाही नाही. त्या ओल्या झोपडीत एकटी राहते, आणि दिवसभर मेलेले प्राणी सापळ्यातून काढते. ससा बघून किंचाळणारी पोर! मी म्हटलं, रड. शेगडीजवळ सोफ्यावर झोपली दुपारभर, तोंड उघडं टाकून, मरे झोपायचा तशी. मी विणकाम घेऊन बसले होते पण टाका एक घातला नाही.

देवा, असं सुख मला फार वर्षांत मिळालं नव्हतं. म्हणून लिहून ठेवते.

डॉटीच्या शेपटीचे केस गळतायत. ऋतू बदलला की गळतातच.

रविवार, २९ ऑक्टोबर

आता पोटाजवळचेही केस गेले. कातडी दिसते. अंड्याचा बलक दिला, चाटला थोडा. पूर्वी अंडं दिसलं की माझ्या बाहीत शिरून नाचायची.

उद्या नक्की क्लॅरी.

सोमवार, ३० ऑक्टोबर

पाऊस. फोन केला नाही. काय सांगणार त्याला?

गुरुवार, ९ नोव्हेंबर

पेंग्विनची पिल्लं निघाली अंड्यातून. ब्रायनी सांगताना हातानं दाखवत होती, एवढी, राखाडी, लोकरीच्या गुंड्यासारखी. एका घरट्यातली दोन्ही सकाळी मारलेली सापडली. मान चावलेली. फेरेटच. बोलता बोलता तिनं कप तसाच खाली ठेवला. मग उठली, "निघते" म्हणाली, गाडीपर्यंत पोचली. पेंढा विसरली! मी गोणी घेऊन मागे धावले.

"अगं हो," म्हणाली, "तो तर हवाच."

काचेतून हात हलवत गेली. मी चिखलात उभी, स्वयंपाकघरातल्या सपाता घालून. वाटलं, पिल्लं वाचतायत माझ्या डॉटीमुळे. एवढी पिल्लं. त्यापुढे एका म्हाताऱ्या फेरेटचे केस ते काय? असं वाटलं, आणि मग शेडमध्ये गेले तेव्हा नाही वाटलं.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

मागचे पाय ओढतेय. पोटावर निळे डाग, कुठेही आपटली नसताना. क्लॅरीला फोन केला, लगेच आला. सार्जंटला पेटीतून काढलंच नाही त्यानं. डॉटीचा ओठ अंगठ्यानं वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक, चिनीमातीसारख्या.

"याच्यापुढे सोडली तर हा मानेला धरून फरफटवेल, जागीच जाईल ती." मग अंगठा पँटला पुसत — "इंजेक्शन दिलं म्हणालीस ना गं?"

मी म्हटलं, चहा घेतोस?

"नको," म्हणाला. क्लॅरी माझ्या घरचा चहा नको म्हणाला.

बुधवार, १५ नोव्हेंबर

त्यानंच गाडीतून गावात नेलं. डॉटी माझ्या मांडीवर. डॉक्टरीणबाई तरुण, हात थंड, पण जपून धरलं तिनं. "रक्त पाणी झालंय, आजी. महिनाभर आधी आणली असती तर एका सुईचं काम होतं." रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. सुई दिली तरीही, आणि रक्ताचं औषध. "ऊब द्या. आशा फार ठेवू नका."

शेडमधून घरात आणली. शेगडीजवळ, ह्यूच्या जुन्या स्वेटरमध्ये.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

ब्रायनी यायच्या आधी डॉटीला आतल्या खोलीत ठेवलं, दार ओढून घेतलं. पेंढा शेडमधला जुना भरून दिला. चीज रोल करपले. "आजी, बरी आहेस ना?" दोनदा विचारलं. बरी आहे म्हटलं. जाताना तिनं मला मिठी मारली — पहिल्यांदाच, आपणहून — आणि मी मनात म्हणत होते, जा आता, लवकर जा.

शनिवार, १८ नोव्हेंबर

डॉटी गेली. सकाळी चमच्यानं दूध पाजत होते. एकदा गिळलं, मग नाही गिळलं. वजनच नव्हतं काही. रिकाम्या हातमोज्यासारखी.

कोवाईच्या झाडाखाली पुरली. खड्डा क्लॅरीनं खणला. मी बोलावलं नव्हतं. खणून झाल्यावर फावडं पुसलं, टोपी घातली, म्हणाला, "ह्यूची चांगली मादी होती." तेवढंच.

सोमवार, २० नोव्हेंबर

शेडमध्ये अजून दोन गोण्या पेंढा आहे. वास आहे त्याला. जपून वापरला तर नाताळपर्यंत पुरेल. आज तो हलवून वाळत घातला, आणि मग तिथेच पालथ्या बादलीवर बसले. कशी बाई आहे मी? मुकं जनावर माझ्या हातातलं खायचं. त्याला काय कळणार, त्याचं रक्त मी कशावर खर्च करतेय. आणि तरी हात पेंढा हलवतच होते.

बुधवार, २२ नोव्हेंबर

उद्या सांगायचं. मग येवो, न येवो.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

सांगितलं. सगळं — क्लॅरी आला नव्हता तेही, इंजेक्शनचंही. ब्रायनी पायरीवरच बसली, एक बूट काढलेला, एक पायात. बुटाची नाडी बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आजी, ऑक्टोबर लागला तेव्हापासून आम्ही सापळ्यात सशाचं मटणच लावतो. पेंढा पावसात भिजला की वास जायचा, नर यायचेच बंद झाले. तुझ्या गोण्या सगळ्या माझ्या झोपडीमागे पडल्यायत. सांगितलं नाही... मला वाटलं, तू म्हणशील, मग आता येतेस कशाला."