सूर्याकडं पाठ

प्रिय दादा,

फोटोत सूर्य का नाही, असं तू विचारलंस. सगळा प्रवास सनसेटसाठी केला आणि सनसेटचा एक फोटो नाही, हे कसं काय, म्हणून. मी नुसतं हसरं तोंड पाठवून दिलं. व्हॉइस मेसेज करणार होते, पण माझे मेसेज तू दीडपट वेगात ऐकतोस, हे संस्कृतीवहिनीनंच एकदा हसत सांगितलं होतं. म्हणून कागद घेतला. कागद पळवता येत नाही. लई दमलेय रे. बसच्या प्रवासानं दमलेय असं मायला सांगितलंय, तसं असतं तर झोपून बरं वाटलं असतं.

तू सांगितलेलं काम मी विसरले नव्हते, हे आधी सांगते. आबांना समुद्र दाखव, जीव रमू दे, सूर्य बुडताना माणूस मऊ होतो, तेव्हा हळूच विषय काढ. मेंढरं विकायची आणि आबा-माय दोघांनी पुण्याला आमच्याकडं यायचं, एवढं एक हो आण, बाकी सगळं मी बघतो. हे वाक्य तू तीन वेळा म्हणलास. मी प्रत्येक वेळी हूं केलं. माय यायची नव्हतीच. दोघंही गेलो तर मेंढरांमागं कोण, म्हणून ती आणि नाथाकाका थांबले. निघताना ती दारात म्हणली, समुद्र काय पळून चाललाय व्हय? मेंढरं तर पळत्यात. आणि मग तिनंच आबांच्या पिशवीत बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी कोंबली, कोकणात लोक नुसता भात खातात आणि मरत नाहीत याचं तिला आश्चर्य वाटतं.

पुण्यातून ट्रॅव्हल्समध्ये बसताना पहिलं भांडण झालं ते काठीवरून. क्लीनर म्हणला, काका, काठी डिकीत टाका. आबा म्हणले, काठी डिकीत जाणार न्हाई, पाहिजे तर मी जातो डिकीत. मागची पोरं हसली. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. शेवटी काठी सीटमध्ये आडवी आणि आमचे दोघांचे पाय तिच्यावर, असे रात्रभर गेलो. घाट उतरताना आबा जागेच. मला दोनदा उठवून विचारलं, हितं एवढं रान हाय, मग जितराब का दिसंना?

तू बुक केलेलं घर चांगलं होतं. समोर नारळ, मागं तो सडा म्हणतात तसला काळा कातळ. सपाटच्या सपाट पसरलेला, वर गुडघ्याएवढं पिवळं पडलेलं गवत, आणि चालत गेलास की एकदम संपतो. खाली समुद्र. कालेजात असताना अंबाजोगाईच्या होस्टेलवर मी ज्या ज्या ठिकाणी जायचं ठरवलं होतं त्यात हे पहिलं होतं. आबांनी मात्र समुद्राकडं एकदा बघितलं, पाहुण्याच्या घरी म्हातारं माणूस बघून नमस्कार करावा तसा हात जोडला, आणि खाली बसून गवत उपटून चावलं. आठ दिवसांचा चारा हाय हितं, पुऱ्या कळपाचा, म्हणले. घरमालकीणबाईंना विचारलं, बाई, मेंढरं कावून न्हाईत तुमच्याकडं? त्या म्हणल्या, टिकत नाय हो, पावसात खूर कुजतात त्यांचे. आबांना इतकं वाईट वाटलं! दोन दिवस ते सगळ्या कोकणाकडं दया आल्यासारखं बघत होते.

विषय काढायला मला जमेना. पहिल्या संध्याकाळी ढग होते. दुसऱ्या दिवशी आबांचा गुडघा सुजला, तो ऑपरेशनवाला. तेल लावून दिलं. तेव्हा बोलता आलं असतं, पण दुखणाऱ्या माणसाला धरून हो म्हणवणं मला बरं वाटलं नाही. तिसरी संध्याकाळ शेवटची होती. सगळे टुरिस्ट सड्याच्या टोकाला जमतात तिथं आम्हीही गेलो. लई गर्दी होती. पुण्या-मुंबईची माणसं, लेकरं, एक नवीन लग्न झालेलं जोडपं, मक्याचं कणीस विकणारा. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला आणि हातात फोन. सूर्य खाली यायला लागला तशी गर्दी पुढं सरकायला लागली. मी मनात वाक्य जुळवत होते. आबा, दादा म्हणत होता की. आबा, तुमचा गुडघा बघता. आबा, एक विचारू का.

बाजूला बघितलं तर आबा नाहीत.

आपल्या डोंगरावर ती कुत्री मेंढरांच्या मागं लागली होती ते तुला आठवतच असेल. एक मेंढी कड्यावरून गेली आणि बाकीच्या तिच्यामागं. त्यानंतर आबा कड्यापाशी काय करतात तेही तुला माहिती आहे. पुढं पळत नाहीत. ओरडत नाहीत. लांबून वळसा घालून मागं जातात, कळपाच्या पाठीमागं, सुरक्षित जागी उभे राहतात आणि तिथनं हाक मारतात. म्हणजे मेंढरू भिऊन पुढं जात नाही, वळून मागं येतं. तर आबा लंगडत, गर्दीला वळसा घालून, पार मागं गेले होते. काठी आडवी धरली आणि हाक दिली. आपली संध्याकाळची. हुर्रऽऽ येऽऽ, येऽ येऽ येऽऽ.

दादा, सगळी गर्दी वळली. एकजात सगळी. सूर्य पाण्याला टेकलेला आणि शंभरेक माणसं त्याच्याकडं पाठ करून आपल्या बापाकडं बघत होती, लाल पटका, हातात काठी. क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. आबा म्हणले, या, या, मागं या लेकरांनो, मागचं पुढच्याला ढकलतंय, सरा मागं. मग पहिलं कुणीतरी हसलं. त्या नव्या नवरदेवानं सांगितलं, काका, पडत नाही कुणी, खाली बघा तरी. खरंच पडत नव्हतं. ते टोक म्हणजे काही कडा नव्हताच, हातभर खाली दुसरा रुंद ओटा होता, तिथं खुर्च्या टाकून एक बाई सरबत विकत होती. खरा कडा लांब पलीकडं, कुंपणाच्या आत. आबांना मागून ते दिसलं नव्हतं. एक पोरगी म्हणली, काका, परत एकदा करा ना, मी शूट करते. आबांनी काठी खाली घेतली. न्हाई बाई, म्हणले, चुकलं माझं, बघा तुमी सूर्य.

तोपर्यंत सूर्य गेला होता. मी आबांकडं बघत होते, आबा माणसांकडं. म्हणून फोटो नाही.

माणसं पांगली. आबा एका दगडावर बसले. मी शेजारी बसले. मला त्यांची लाज वाटली होती आणि त्या लाजेची लाज वाटत होती, दोन्ही एकदम. समुद्राचा आवाज खालून येत होता. मग ते म्हणले, ह्या टायमाला मी जल्मात कवा बसलो न्हाई गं उज्ज्वला. खरंच की, मी विचार केला. दिवस मावळताना आपल्याकडं नुसती पळापळ. कळप जाळीच्या कुंपणात घ्या, कोकरं त्यांच्या त्यांच्या आयांना प्यायला लावा, मागं राहिलेलं हुडका. सूर्य कसा बुडतो हे बघायला आपल्या घरात कुणाला फुरसत झाली? ते म्हणले, आता तिकडं तुझी माय कोकरं लावत आसंल. मग एकदम, माझ्याकडं न बघता म्हणले, भागवतनं काय सांगून धाडलंय तुला? तीन दिस झाले, तोंडात गूळ धरल्यावानी बसलीस.

मला एक शब्द बोलावा लागला नाही. तेच म्हणले, इकून टाका म्हनावं. आता माझ्यानं पळणं व्हत न्हाई. आज माणसं वळली, मला वाटलं जमतंय अजून. पर डोळ्याला कडा दिसंना, न्हवता तितं दिसला. अशा माणसाच्या मागं कळप ठिवू न्हाई.

सुटल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी थोड्या दिवसांसाठी म्हणून होस्टेलवरून आले आणि अजून इथंच आहे. आबांना मेंढरांशिवाय करमणार नाही म्हणून मी काही बोलत नव्हते. ते म्हणले, तू कालेज सोडून आलीस, मला वाटलं तुला मेंढरांची गोडी लागली, म्हणून रेटत होतो. बघ आता. आम्ही दोघं हसलो सुद्धा, पण दमलेल्या माणसांसारखं, आवाज न करता.

घरी येऊन मायला सांगितलं. त्या संध्याकाळी तिनं कोकरं आयांपाशी नेहमीपेक्षा उशिरापर्यंत राहू दिली.

तर तुला हवं होतं ते हो मिळालं. व्यापारी बघून गेला, पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येतोय. पण आबांची एक अट आहे आणि ती फोनवर सांगायची नाही असं मी ठरवलं, म्हणून हे पत्र. परक्या माणसानं हाकललेली आपली मेंढरं टेम्पोत चढत नाहीत, बिथरतात, तुला माहितीय. आपल्या हाकेवरच चढतील. आबा म्हणतात, मी विकीन, पण हाक मारणार न्हाई. त्या हाकेचा अर्थ मेंढरांना एकच ठावा हाय, हितं या, हितं भ्या न्हाई. त्याच हाकेनं टेम्पोत घालायचं माझ्यानं व्हायचं न्हाई. माय नको म्हणली. मला हाक येते, चांगली येते, पण मीही मारणार नाही दादा. तुझी हाक आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली होती. शाळेत साहेब तपासणीला आले होते आणि तू वर्गाच्या खिडकीतून हाक दिलीस, तर अख्खा कळप शाळेच्या पटांगणात आला होता, आठवतंय? गुरुजींनी तुला झोडलं आणि आबा महिनाभर गावात सांगत फिरले. तर तू ये. पैसे पाठवू नकोस, माणूस लावू नकोस, सुट्टी काढून ये. विकायचं तू म्हणलास, हाक तू मार. विसरला असशील तर आबा म्हणालेत, आदल्या दिवशी ये म्हनावं, मी शिकवतो.

वाट बघणारी,
तुझीच
उज्ज्वला