लेकीचं अडखळणं

दादा,

तुझ्या लेकीने कॉलेजच्या अर्जात लिहिलं होतं, 'मी बोलताना अडखळते, तरी वर्गात हात वर करते.' शाळेत मुलांचे अर्ज मीच तपासते. इतकं खरं क्वचितच वाचलंय. आणि तू ते परस्पर खोडून तिला 'उत्तम वक्ता' करून टाकलंस! पोटच्या पोरीची लाज वाटली तुला?

मुलाखतीत कॉलेजवाले म्हणाले, "वक्ता ना तू? बोल."

"ते ब-बाबांनी लिहिलंय. मी अ-अडखळते," ती म्हणाली, आणि अडखळतच सगळं बोलली. म्हणून प्रवेश मिळाला.

आता तू सांगत सुटलायस, "माझ्या लेखणीची कमाल!" जीभ वळवळतेय माझी. पण ती म्हणते, "आत्या, बाबा खूश आहेत. र-राहू दे."

म्हणून हे पाठवत नाही.

नाइलाजाने तुझीच,
धाकटी बहीण